वय २७, रोज आठ-दहा सिगारेटी, छातीत टोचतंय: डॉक्टरकडे केव्हा जायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय २७, हिंजवडीत आयटीत नोकरी, दिवसभर बैठं काम. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षापासून सिगारेट, सध्या रोज आठ-दहा, शुक्रवारी रात्री त्याहून जास्त. दोन महिन्यांपासून छातीत डावीकडे मधूनच टोचतं, कधी छाती जड वाटते. ईसीजी काढला, नॉर्मल आला. डॉक्टर म्हणाले गॅसेस आहेत. मित्र म्हणतो अँजिओग्राफी करून टाक, एकदाचं कळेल. मोबाईलवर वाचून वाचून झोप उडाली आहे. हार्टचं असेल का? घरी सिगारेटचं माहीत नाही, त्यामुळे कुणाला विचारताही येत नाही.

तुमचं शेवटचं वाक्य मी आधी घेतो, कारण छातीचे दवाखाने आणि आयसीयू मिळून पंचवीस वर्षं काढल्यावर माझं असं मत झालंय की तरुण मुलांचा सगळ्यात जास्त वेळ तिथेच वाया जातो. रात्री अकराला मुलगा येतो, सोबत वडील. मी विचारतो, सिगारेट? तो वडिलांकडे न बघता म्हणतो, नाही. त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांवर पिवळा डाग असतो. अशा वेळी मी वडिलांना केस पेपर काढायला बाहेर पाठवतो आणि पुन्हा विचारतो. मग खरं उत्तर येतं. तुम्ही सज्ञान आहात. डॉक्टरला सांगितलेली गोष्ट डॉक्टरने तुमच्या घरी सांगायची नसते, आणि तुम्ही तसं स्पष्ट बोलूनही दाखवू शकता. पण डॉक्टरपासून लपवू नका. सिगारेट आहे की नाही, यावर छातीतल्या दुखण्याचा सगळा हिशोब बदलतो.

आता दुखण्याकडे. तुम्ही कुठे दुखतं ते लिहिलंत, पण केव्हा दुखतं ते लिहिलं नाहीत. किती वेळ राहतं, काय केलं की सुरू होतं, काय केलं की थांबतं, तेही नाही. माझ्यासाठी डावी-उजवी बाजू फारशी कामाची नाही, ‘केव्हा’ फार कामाचं आहे. आणि तुम्ही एका ओळीत दोन वेगळी दुखणी लिहिलीत, टोचणं आणि जड वाटणं. ती एकाच कारणाची असतीलच असं नाही, म्हणून आपण ती सुटी करू.

टोचण्यापासून सुरू करतो. पेशंटला मी सांगतो, दाखव कुठे. जो एक बोट स्तनाग्राच्या खाली नेमकं टेकवून म्हणतो ‘इथे, सुईसारखं’, त्याच्याबद्दल माझी काळजी अर्धी तिथेच उतरते. हृदयाचं दुखणं असं बोटावर मावत नाही. त्या माणसाचा सगळा तळवा छातीवर येतो, पुष्कळदा मूठच. तरुणांत डावीकडे काही सेकंद ते दोन-तीन मिनिटं टोचणारी, खोल श्वास घेतला की जास्त कळणारी आणि आपोआप निघून जाणारी एक चमक असते. ती निरुपद्रवी आहे. लॅपटॉपवर पोक काढून बसणाऱ्यांत मी ती रोज बघतो. दुसरं, बरगड्या छातीच्या मधल्या हाडाला जिथे कुर्चेने जोडलेल्या असतात तिथली सूज. बोटाने दाबलं की ‘आई गं’ निघतं, कूस बदलताना, गाडी ढकलताना दुखतं. जिमला नुकतंच जायला लागलेल्यांत हे हमखास, आणि सिगारेट ओढणाऱ्यांत रोजच्या खोकल्याने बरगड्यांमधले स्नायू ताणले जातात म्हणूनही. आठ-दहा दिवस वेदनाशामक, शेक, आणि काय झालंय ते समजावून सांगणं, एवढ्यावर बहुतेक जण बरे होतात. पण एक लक्षात ठेवा. दाबल्यावर दुखतं म्हणजे हृदय शंभर टक्के ठीक, असं नाही. बाकीचं चित्रही जुळायला हवं.

इथे एक गैरसमज सांगून ठेवतो, तो जवळजवळ प्रत्येकाचा असतो: ‘सिगारेटने फुफ्फुसं खराब झालीत, म्हणून दुखतंय.’ फुफ्फुसाच्या आतल्या भागाला वेदना कळत नाही. वेदना कळते ती त्याच्या भोवतीच्या पडद्याला, त्यातही छातीच्या भिंतीला चिकटलेल्या थराला. त्यामुळे फुफ्फुसांचं खरं नुकसान वर्षानुवर्षं न दुखता होत राहतं. आणि श्वासाबरोबर टोचलं, तर तो पडदा, बरगडी नाहीतर स्नायू काहीतरी सांगत असतो. दुखत नाही म्हणून फुफ्फुसं ठीक आहेत असं मानणाऱ्यांसाठी हे जास्त महत्त्वाचं आहे.

टोचण्यातलं एक मात्र घातक आहे, आणि ते नेमकं तुमच्याच वयाचं आहे. एक २२ वर्षांचा विद्यार्थी, उंच, हडकुळा, दिवसाला पाकीटभर ओढणारा. अभ्यासिकेत नुसता बसलेला असताना उजव्या छातीत एकदम कळ आली. त्याला वाटलं उसण भरली. मित्राने बाम चोळला. तिसऱ्या दिवशी बाईक चालवत माझ्याकडे आला, जिना चढताना धाप लागते म्हणून. मी पाठीला स्टेथोस्कोप लावला तर उजवीकडे श्वासाचा आवाजच नाही. एक्स-रेमध्ये उजवं फुफ्फुस आकसून मुठीएवढं झालेलं, भोवती सगळी हवा. फुफ्फुसाच्या टोकाला असलेला हवेचा फुगा फुटतो, हवा पडद्यात शिरते आणि फुफ्फुस मिटतं. धूम्रपान न करणाऱ्या निरोगी पुरुषांत आयुष्यभरात हे हजारात एकाला होतं, ओढणाऱ्यांत शंभरात बारापर्यंत जाऊ शकतं. छातीत नळी घातली, फुफ्फुस उघडलं, सहाव्या दिवशी घरी गेला. पुन्हा होण्याचा धोका सिगारेट सोडल्याने कमी होतो, म्हणून त्याने सोडली. नसती सोडली तर मी काय केलं असतं, माहीत नाही. एका बाजूला अचानक कळ आणि त्यासोबत दम, तर त्याच दिवशी एक्स-रे, आणि तो होईपर्यंत विमानप्रवास अजिबात नाही. दम वाढत चालला असेल, ओठ निळसर दिसत असतील तर थेट तातडीचा विभाग.

आता ‘जड वाटतं’. यावर मी जास्त वेळ घेणार आहे.

छातीच्या मध्यभागी दाब, आवळल्यासारखं, कुणी दगड ठेवल्यासारखं, जळजळ, किंवा नुसतं ‘कसंतरी होतंय’, ही सगळी हृदयाची भाषा असू शकते. ते जबड्यात, गळ्यात, डाव्या किंवा दोन्ही हातांत, पाठीत, कधी नुसतं पोटाच्या वरच्या भागात जातं. सोबत गार घाम, मळमळ, दम. पण सगळ्यात बोलकी खूण म्हणजे ते केव्हा येतं. लिफ्ट बंद असताना तिसऱ्या मजल्याला येतं, थांबलं की पाच-दहा मिनिटांत जातं, दुसऱ्या दिवशी पुन्हा तिसऱ्याच मजल्याला येतं. जेवून चालायला लागलं की येतं. असं असेल तर वय २७ असो की ६७, त्याच आठवड्यात, शक्यतो एक-दोन दिवसांत हृदयरोगतज्ज्ञ. आणि तोपर्यंत ‘दमवून बघू, होतं का’ असे प्रयोग स्वतःवर करू नका.

‘पण या वयात?’ हे मला रोज ऐकावं लागतं. ५२ देशांत झालेल्या इंटरहार्ट अभ्यासात दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला झटका सरासरी ५३व्या वर्षी आलेला दिसला, बाकीच्या देशांतल्या लोकांना जवळपास ५९व्या. ही सरासरी आहे. म्हणजे तिच्या अलीकडे पुष्कळ लोक आहेत, आणि चाळिशीच्या आतले जे माझ्यासमोर स्ट्रेचरवर येतात त्यांच्यात तंबाखू नसलेला विरळा. सिगारेट नेमकं करते काय? निकोटिन नाडी आणि रक्तदाब वाढवतं, हृदयाच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात. धुरातला कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला ऑक्सिजनच्या दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो, म्हणजे काम वाढलेल्या हृदयाला मिळतो कमी ऑक्सिजन. रक्तवाहिनीचं आतलं अस्तर खरखरीत होतं. आणि रक्त चिकट होतं, रक्त गोठवणाऱ्या पेशी, म्हणजे प्लेटलेट्स, लगेच गोळा होतात. तरुण ओढणाऱ्याचा झटका म्हणूनच वेगळा असतो. त्याच्या रक्तवाहिनीत बऱ्याचदा ८०-९० टक्के ब्लॉकेज नसतंच. ३०-४० टक्क्यांचा चरबीचा लहानसा थर असतो, तो एक दिवस तडकतो आणि त्यावर अर्ध्या तासात गुठळी बसते. काहींत थरही फारसा नसतो, रक्तवाहिनीला नुसता पेटका येतो, तोही पुष्कळदा पहाटे, झोपेत. त्याचा ईसीजी सकाळी दहाला अगदी स्वच्छ निघतो.

मित्राच्या अँजिओग्राफीच्या सल्ल्याचं उत्तर यातच आहे. अँजिओग्राफी आज नळी किती अरुंद आहे ते सांगते, उद्या थर तडकणार का ते सांगत नाही. शिवाय ती मनगटातून किंवा जांघेतून तार घालून, रंग सोडून करायची तपासणी आहे. लक्षणं जुळत नसताना ‘एकदाचं कळेल’ म्हणून करायची नाही. माझ्याकडे असेही येतात की ज्यांची अँजिओग्राफी ‘क्लीन’ आली म्हणून त्यांनी पार्टी केली, आणि पार्टीत ओढली.

आणि तुमचा नॉर्मल ईसीजी? तो काढला तेव्हा दुखत होतं का? नसेल, तर त्या दहा सेकंदांत सगळं ठीक होतं, एवढंच तो सांगतो. याची किंमत मी एका पेशंटच्या हृदयाने मोजली आहे, म्हणून सांगतो. वीसेक वर्षांपूर्वी मी तालुक्याच्या गावी दवाखाना चालवत होतो. २९ वर्षांचा ट्रॅक्टर मेकॅनिक आला, दिवसाला बिडीचं एक बंडल. जेवणानंतर छातीत जळजळ, आंबट ढेकर. ईसीजी काढला, त्यात काही नाही. ॲसिडिटीचं इंजेक्शन दिलं आणि घरी पाठवलं. वय बघून माझं मन आधीच निवांत झालं होतं. रात्री नऊला भाऊ त्याला घेऊन आला. बनियन घामाने पिळून काढावं इतकं ओलं, आणि त्याने दोन्ही हातांनी जबडा धरलेला. दुसऱ्या ईसीजीत मोठा झटका, हृदयाच्या समोरच्या भिंतीचा. जिल्ह्याच्या ठिकाणी नेऊन गुठळी विरघळवायचं इंजेक्शन मिळेपर्यंत आणखी दोन तास गेले. तो वाचला. पण हृदयाचं पंपिंग ३५ टक्क्यांवर राहिलं आणि हातातला पाना सुटला, पुढे टपरी टाकली. त्या दिवसापासून तंबाखूवाला माणूस छातीचं नवं दुखणं घेऊन आला की मी एका ईसीजीवर घरी सोडत नाही. पुन्हा ईसीजी, आणि ट्रोपोनिन. हृदयाच्या स्नायूला इजा झाली की हे प्रथिन रक्तात वाढतं, पण वाढायला वेळ लागतो, म्हणून दुखणं नुकतंच सुरू झालं असेल तर काही तासांनी ते पुन्हा बघावं लागतं. तुम्हाला कुणी एका ईसीजीवर ‘गॅसेस’ म्हणालं आणि दुखणं चालूच राहिलं, तर ‘पुन्हा काढा’ म्हणायला संकोचू नका. चांगला डॉक्टर रागावत नाही.

गॅसेस हे निदान खोटंच असतं असं मात्र नाही. सकाळी रिकाम्या पोटी टपरीवर कटिंग आणि सिगारेट, दुपारी तिखट मिसळ, रात्री साडेअकराला जेवण आणि लगेच आडवं, यात अन्ननलिकेचं खालचं झाकण सैल पडतं. निकोटिननेही ते सैल होतं. आम्ल वर येतं आणि छातीच्या हाडामागे जळतं. जेवणानंतर, वाकल्यावर, आडवं झाल्यावर वाढतं, बसल्यावर उतरतं. पण हृदयाची आणि आम्लाची वेदना एकाच रस्त्याने मेंदूकडे जाते, त्यामुळे माणसाला फरक कळत नाही, डॉक्टरलाही कधी कळत नाही. इनो प्यायलो, ढेकर आली, बरं वाटलं, यावरून हृदय सुटलं असं ठरवू नका. आपल्याकडे झटका आलेली किती माणसं सोडा, जिरं, ओवा करत पहाट करतात, ते कॅज्युअल्टीत बसलेल्यालाच ठाऊक.

तुमच्या बाबतीत मला आणखी एक शंका आहे: भीती. दोन महिने, वाचून वाचून झोप उडालेली, शुक्रवारी जास्त सिगारेटी. शनिवारी सकाळी जास्त जड वाटतं का, बघा. दिवसाला दहा सिगारेटी, चार-पाच कॉफी आणि पाच तास झोप एवढ्यावर कुणाचंही हृदय धडधडेल. धडधडलं की भीती, भीतीने भराभर श्वास, त्याने बोटांना मुंग्या, ओठ बधिर, छाती आवळलेली. हे दुखणं खरं असतं, ‘मनाचे खेळ’ म्हणून हाकलून द्यायचं नसतं. ते बरं करता येतं. फक्त भीतीचा शिक्का मी शेवटी मारतो, आधीची दारं तपासून झाल्यावर. आणि भीती वाटली की आणखी एक सिगारेट पेटवणं, हे तर आगीत तेल.

खोकल्याबद्दल थोडक्यात. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला, संध्याकाळी कणकण, वजन उतरणं, रात्री घाम, यात थुंकीची तपासणी करायचीच. सरकारी केंद्रात ती मोफत होते. धूम्रपानाने टीबीचा धोका दुपटीच्या आसपास वाढतो, आणि ‘स्मोकर्स कफ’ म्हणून महिनोन् महिने काढलेले टीबीचे रुग्ण मी पाहिलेत. कफात रक्ताची रेघ दिसली तरी एक-दोन दिवसांत दाखवा. चमचा-दोन चमचे रक्त पडलं तर थांबायचं नाही. ताप आणि श्वासाबरोबर टोचणं म्हणजे न्यूमोनिया किंवा पडद्यात पाणी. आडवं झाल्यावर वाढणारं आणि पुढे वाकून बसल्यावर हलकं होणारं दुखणं हृदयाच्या आवरणाच्या सुजेचं असतं, बऱ्याचदा व्हायरल तापानंतर, तेही त्याच दिवशी दाखवायचं. फुफ्फुसाच्या कॅन्सरची भीती पंचविशीतल्या प्रत्येकाला असते, पण या वयात तो अगदी दुर्मिळ आहे. त्यासाठी सीटी स्कॅन करत सुटू नका.

मैत्रिणींसाठी एक गोष्ट, कारण ती त्यांना सहसा कुणी सांगत नाही. गर्भनिरोधक गोळ्या आणि सिगारेट एकत्र असतील तर रक्तात गुठळ्या होण्याचा धोका वाढतो, पस्तिशीनंतर फारच. एका पायाची पोटरी सुजली, दुखली आणि मग अचानक दम लागून छातीत टोचलं, तर ती पायातली गुठळी फुफ्फुसात गेलेली असू शकते. ही तातडीची वेळ आहे. आणि डॉक्टरने सिगारेटबद्दल विचारलं नाही, तर बाईने स्वतःहून सांगावं. बाई ओढत असेल हे आम्हा डॉक्टरांच्या डोक्यात येत नाही, हा आमचा दोष आहे.

बिडीला फिल्टर नसतो, ती विझू नये म्हणून जास्त झुरके मारावे लागतात, ‘साधी पानाची’ म्हणून ती सौम्य ठरत नाही. हुक्क्यात धूर पाण्यातून येतो म्हणून गाळला जात नाही, उलट तासभराच्या बैठकीत कोळशाचा कार्बन मोनॉक्साइड भरपूर आत जातो. ई-सिगारेटवर आपल्याकडे २०१९ पासून बंदी आहे, तरी ती मिळते. त्याच वर्षी अमेरिकेत वेपिंगमुळे फुफ्फुसांना इजा होऊन अनेक तरुण छातीत दुखणं आणि दम घेऊन दाखल झाले होते, त्यातल्या बहुतेकांनी गांजाचा अर्क असलेली द्रव्यं ओढली होती. वेप घेत असाल तर डॉक्टरला तेही सांगा.

आता ‘केव्हा’. काही प्रसंगी विचार करत बसायचं नाही. छातीत दाब किंवा जडपणा पंधरा मिनिटं होऊनही उतरत नाही, किंवा घाम, दम, चक्कर, जबड्याकडे किंवा हाताकडे जाणारी कळ सोबत आहे, किंवा बेशुद्धी आली, तर १०८ ला फोन करा, नाहीतर कुणालातरी गाडी काढायला लावा. स्वतः बाईक चालवत जाऊ नका. वाटेत हृदयाचा ठोका बिघडला तर तुम्ही तर पडालच, समोरच्यालाही घ्याल. ज्या दवाखान्यात ईसीजीच निघत नाही तिथे थांबून वेळ घालवू नका. मोठ्या रुग्णालयात पोचल्यावर दहा मिनिटांत ईसीजी व्हायला हवा, रांगेत बसवलं तर ‘छातीत दुखतंय’ हे शब्द मोठ्याने म्हणा. ॲस्पिरिनची ॲलर्जी नसेल, पोटातून रक्त गेल्याचा इतिहास नसेल, डेंग्यूची शंका नसेल तर ३०० मिलिग्रॅमच्या आसपास ॲस्पिरिन चावून खावी; घरात वडिलांची ७५ची गोळी असेल तर चार. फोनवर डॉक्टर मिळाला तर त्याला विचारूनच. सॉर्बिट्रेट ही हृदयरोग्यांची गोळी मात्र कुणाच्या तरी खिशातली घेऊन जिभेखाली ठेवू नका. रक्तदाब एकदम पडतो, आणि आदल्या रात्री सिल्डेनाफिलसारखी (व्हायग्रा) गोळी घेतली असेल तर जिवावर बेतू शकतं. तुमच्या वयाची मुलं ती गोळी घेतात आणि सांगत नाहीत, म्हणून हे लिहिलं.

तुम्ही या क्षणी त्या गटात दिसत नाही. तुम्ही या आठवड्यात एखाद्या एमडी फिजिशियनला भेटा. त्यात मला काय व्हायला हवंय? रक्तदाब, दोन्ही बाजूंचा श्वास ऐकणं, बरगड्या दाबून बघणं. ईसीजी, आणि सांगून ठेवणं की दुखत असताना या, तेव्हा पुन्हा काढू. छातीचा एक एक्स-रे. उपाशीपोटी साखर आणि कोलेस्टेरॉल. एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, १९० च्या वर निघालं तर तो आनुवंशिक दोष असू शकतो, त्याला वेगळे उपचार लागतात. वडील किंवा भाऊ ५५च्या आत, आई किंवा बहीण ६५च्या आत हृदयविकाराने आजारी पडली असेल तर ते आवर्जून सांगा. जडपणा श्रमाने येत असेल तर हृदयरोगतज्ज्ञ, आणि स्ट्रेस टेस्ट (पट्ट्यावर चालवून ईसीजी बघणं) करायची की दुसरं काही हे त्यांनी ठरवायचं. शिट्टीसारखा आवाज किंवा दम असेल तर फुंकण्याची तपासणी, स्पायरोमेट्री. बस. ‘फुल बॉडी पॅकेज’ची गरज नाही. जाण्याआधी चार-पाच दिवस मोबाईलवर टिपून ठेवा: वाजले किती, काय करत होतो, किती वेळ राहिलं, कशाने गेलं, त्याआधीची सिगारेट केव्हा. या पाच ओळी मला महागड्या तपासणीइतक्या उपयोगी पडतात.

आणि सगळं नॉर्मल आलं तर? तेव्हाच खरं काम सुरू होतं. ‘आठ-दहावरून दोन-तीनवर येतो’ हा सौदा सगळे मांडतात. २०१८ साली १४१ अभ्यास एकत्र करून पाहिलं गेलं, तेव्हा दिवसाला एक सिगारेट ओढणाऱ्यालाही वीस ओढणाऱ्याच्या जादा हृदयधोक्यापैकी जवळपास अर्धा धोका होता. फुफ्फुसांचा हिशोब कांड्यांवर चालतो, हृदयाचा तसा चालत नाही. पूर्ण थांबल्यावर मात्र हृदय लवकर साथ देतं. एका दिवसात कार्बन मोनॉक्साइड उतरतो, वर्षभरात हृदयाचा जादा धोका अर्ध्यावर येतो.

उठल्यापासून अर्ध्या तासात पहिली सिगारेट लागत असेल तर नुसत्या निश्चयावर विसंबू नका, औषधाची मदत घ्या. निकोटिन गम मिळतो, पण तो च्युइंगमसारखा चघळला तर पोटात जातो, उचकी लागते, जळजळ होते, आणि लोक म्हणतात काम करत नाही. हळू चावायचा, तिखट झिणझिणी आली की गाल आणि हिरडीच्या मध्ये ठेवून द्यायचा, झिणझिणी गेली की पुन्हा चावायचा, असं अर्धा तास. त्याआधी पंधरा मिनिटं चहा-कॉफी नाही. चिठ्ठीवर मिळणारी औषधंही आहेत, ती फिजिशियन देतील. १८००-११-२३५६ हा सरकारी मोफत नंबर तंबाखू सोडणाऱ्यांसाठी आहे. तो प्रत्येक पाकिटावर छापलेला असतो. महाराष्ट्रात २०२० पासून सुटी सिगारेट विकायला बंदी आहे, तरी तुमच्यासारखे बहुतेक जण टपरीवरून सुटीच घेतात, त्यामुळे तो नंबर कुणी वाचलेलाच नसतो.

पहिले तीन दिवस सगळ्यात अवघड जातात: चिडचिड, झोप नाही, छातीत रितेपणा. दोन-चार आठवड्यांत ते ओसरतं. खोकला आणि कफ सुरुवातीला वाढतो, कारण श्वासनलिकेतले बारीक केस पुन्हा काम करू लागतात आणि साठलेलं बाहेर ढकलतात. ‘सोडल्यावर त्रास वाढला’ म्हणून पुन्हा पेटवणारे इथेच परततात, तेवढे दिवस काढा. चौथ्या आठवड्यानंतरही टोचणं तसंच राहिलं, किंवा जडपणा चालण्याशी जोडलेला दिसला, तर आधीचे सगळे कागद घेऊन पुन्हा दाखवा, रिपोर्ट नॉर्मल होते म्हणून घरी बसू नका.